वाडीतला ‘हाव’

नागपुरात ‘हाव’ म्हणजे हो. पुण्याला गेलात की तीच हाव म्हणजे लोभ. मी पुण्यात सहा वर्षं नोकरी केली, त्यामुळे हे दोन्ही अर्थ मला ठाऊक होते. तिसरा ठाऊक नव्हता. त्या तिसऱ्यापायी माझी कंपनी बुडता बुडता वाचली आणि मैत्रीण गेली. हल्ली मला कॉलेजांमध्ये बोलावतात, नवीन धंदा काढायला निघालेल्या पोरांना चार उपयोगाच्या गोष्टी सांगा म्हणून. मी सांगते. पडद्यावर चौकोन काढते, बाण काढते, पोरं फोनवर त्याचे फोटो काढतात. मैत्रिणीची गोष्ट मात्र तिथं सांगत नाही. सांगितली तर रडू येईल, आणि आयोजकांनी दिलेला गुच्छ हातात धरून रडणं काही बरं दिसत नाही.

आमचं घर नागपुरातल्या नंदनवन भागातलं. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. आपले पूर्वज भोसल्यांच्या काळात इकडे आले हे आमच्याकडे पाणी द्यायच्या आधी पाहुण्याला कळायचं. त्यामुळे आमची मराठी ‘शुद्ध’. शाळेतून मी ‘मले’, ‘तुले’ घेऊन घरी आले की आई डोळे वटारायची. परिणाम असा की मी जन्माची नागपूरकर असून नागपुरी मला नुसती ऐकू येते. बोलायला गेले तर गॅदरिंगच्या नाटकात काम केल्यासारखं वाटतं.

ती उमरेडची. घरची शेती, सोयाबीन आणि थोडी मिरची. इंजिनिअरिंगच्या पहिल्या आठवड्यात मी शेवटच्या बाकावर बसले होते, तर ही पिशवी आपटून शेजारी बसली आणि म्हणाली, ‘‘काहून वं, एकटीच बसून राहिली?’’ मला माणसं पटकन जोडता येत नाहीत. तोंड फटकळ, त्यात घमेंड. आयुष्यात मैत्रीण म्हणावी अशी ती एकच झाली, आणि तीही तिनंच विचारलं म्हणून.

पुण्याची नोकरी सोडून मी परत आले तेव्हा डोक्यात एक कल्पना होती. अमरावती रोडवर वाडीला नुसती गोडाऊनं आहेत. एकाचं निम्मं गोडाऊन रिकामं पडलेलं असतं, आणि त्याच रस्त्यावर दुसऱ्याचा ट्रक जागेअभावी माल घेऊन तापत उभा असतो. या दोघांची गाठ घालून देणारं ॲप काढायचं. चार दिवस जागा पाहिजे, घ्या. आठ दिवस पाहिजे, घ्या. मी तिला फोन करून सगळं सांगितलं, अर्धा तास एकटीच बोलले, आणि शेवटी म्हटलं, ‘‘मग करायचं ना आपण?’’

‘‘हाव,’’ ती म्हणाली.

झालं. कंपनी निघाली. वाडीला एका टायरच्या दुकानावरची खोली घेतली. खाली दिवसभर टायर आपटायचे, वर आमचं टेबल हलायचं. उन्हाळ्यात कूलर लावला की वाळ्याचा वास आणि जळक्या रबराचा वास एकत्र यायचा. ती रोज उमरेडहून एसटीनं यायची, स्टँडवर उतरून सिटी बस पकडायची आणि साडेदहाला जिना चढायची. डबा दोघींचा तीच आणायची. मी एकदाच सांगून पाहिलं की माझं मी बघेन, तर म्हणाली, ‘‘तू काय पाहशील, बिस्किटं?’’ पोळ्या, एक भाजी आणि जवसाची चटणी, तीही बचकभर. दीड वाजता आम्ही खुर्च्या समोरासमोर ओढून जेवायचो. तेवढा वेळ मी तिला कामाचं बोलू द्यायची नाही. मी स्वतः मात्र बोलायची.

सुरुवातीला आम्ही वाडीत दारोदार फिरलो. मी शिकलेली बाई, वहीत प्रश्न लिहून नेले होते. ‘‘असं ॲप निघालं तर तुम्ही वापराल का?’’ गोडाऊनवाले चहा मागवायचे, पंखा आमच्याकडे वळवायचे आणि म्हणायचे, ‘‘हाव ना ताई. मस्त आहे. वापरून पाहू ना.’’ मी बरोबरची खूण करायची. पुढच्या दारात पुन्हा हाव, पुन्हा खूण. तीन आठवड्यांत वही खुणांनी भरली. माझा आनंद गगनात मावेना.

परतताना ती म्हणाली, ‘‘हे लोकं नाही वापरनार.’’

‘‘अगं, सगळे हो म्हणालेत.’’

‘‘हाव म्हनले.’’

‘‘तेच ते.’’

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बोलणं सोडून दिलं. मला वाटलं, मुद्दा मी जिंकला.

ॲप तयार व्हायला सात महिने गेले. वाडीत ते कोणी उघडलं नाही. ज्यांच्या नावापुढे खुणा होत्या ते सगळे भेटल्यावर हसायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, ‘‘पाहून राहिलो ना ताई.’’ मी चिडचिड करायची. खोटारडी माणसं, असं तिला म्हणायची. ती म्हणायची, ‘‘खोटं कोन बोललं वं?’’

शेवटी एका म्हाताऱ्या गोडाऊनवाल्यापुढे मी हात टेकले. त्याच्या निम्म्या शेडमध्ये उंदीर पळत होते आणि तरी तो ‘हाव’ म्हणत होता. मी वैतागून विचारलं, ‘‘बाबा, ते ॲप राहू द्या. मागच्या वेळी जागा रिकामी झाली तेव्हा तुम्ही काय केलं ते सांगा.’’ म्हातारा पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसला. कोणाला फोन केला, त्यानं कोणाला केला, कोणत्या माणसाचा माल घ्यायचा नाही आणि का नाही, कोणाच्या शब्दावर कुलूप उघडायचं, सगळं सांगितलं. चहा दोनदा आला. मी तिथून निघाले तेव्हा मला एवढं कळलं होतं की ज्या प्रश्नाचं उत्तर ‘हाव’ देऊन संपतं तो प्रश्न वाडीत विचारायचाच नाही. ‘वापराल का’ नाही विचारायचं, ‘मागच्या खेपेला काय केलं’ विचारायचं. ‘याल का’ नाही, ‘किती वाजता’ विचारायचं. हे मी आज कॉलेजांत सांगते आणि त्यावर टाळ्या पडतात.

त्यानंतर आकडे हलले. ॲपवर जागा दिसू लागल्या, जागा जाऊ लागल्या. मी आलेख काढला आणि भिंतीवर चिकटवला. रेघ वर जात होती, आणि तिच्याकडे बघत मी तोंडात पेन धरून बसायची. प्रश्न बदलले आणि सगळं बदललं, अशी माझी ठाम समजूत झाली. नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या पुण्याच्या एका फंडातल्या लोकांना तो आलेख पाठवला. त्यांनाही आवडला.

फक्त एक गोष्ट मला खुपत होती. ती सारखी फोनवर असायची. जिना चढताना फोन, डबा उघडताना फोन. गोडाऊनवाले, ट्रान्सपोर्टवाले, त्यांचे मुनीम, सगळे तिलाच फोन करायचे. ‘‘काय म्हनता काकाजी, पोरीचं लग्न जमलं का?’’ इथून सुरुवात, आणि मग पंधरा मिनिटांनी जागेचा विषय. पुण्याच्या लोकांनी मला नेमकं विचारलं होतं, तुमच्याकडे माणसं फोनवर किती असतात? मी म्हणाले होते, नसतात. म्हणून एका दुपारी जेवताना मी तिला सांगितलं, ‘‘हे फोन आता बंद. ज्याला जागा पाहिजे त्यानं ॲप उघडावं. आपण कंपनी काढली आहे, चौकशीची खिडकी नाही.’’

तिनं पोळीचा तुकडा मोडला. ‘‘लोकं फोनवरच बोलतेत ना पन.’’

‘‘सवय लागेल त्यांना. तू उचललाच नाहीस तर लागेल. बंद ना मग?’’

‘‘हाव.’’

म्हातारा गोडाऊनवाला काय बोलला ते मला शब्दन् शब्द पाठ होतं. पण हिच्यापुढे ते सगळं मी विसरले. वाडीतल्या परक्या माणसांना कसं विचारायचं हे मी शिकले होते. आपल्या माणसाला विचारावं लागतं हे मात्र मला सुचलं नाही.

पुढचे काही महिने तिचा फोन खोलीत शांत पडलेला असायचा. मी खूश. आलेखाची रेघ अजून वर. ती थोडी गप्प झाली होती, पण एसटीचा प्रवास, उन्हाळा, दमत असेल, असं मी धरून चालले. डब्यातली चटणी मात्र तशीच बचकभर असायची.

आणि एका शुक्रवारी दुपारी ती खाली दही आणायला गेली असताना तिच्या पिशवीत काहीतरी वाजायला लागलं. तिचा फोन तर टेबलावर होता. मी पिशवी उघडली. डब्याच्या खाली रुमालात गुंडाळलेला एक साधा, बटणांचा फोन निघाला. मी उचलला. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत पलीकडचा माणूस बोलायला लागला.

‘‘ताई, कालची ती जागा पक्की करून टाका ना. तुमचं ते बटन तुम्हीच दाबून द्या, मले नाही समजत ते. आनखी एक, परवाच्या मालाचंही दाबून द्या.’’

मी फोन ठेवला. भिंतीवरचा आलेख बघितला. त्या रेघेतलं एकेक बटण कोणी दाबलं होतं ते मला एका क्षणात कळलं. एसटीत बसून, उमरेड ते नागपूर आणि नागपूर ते उमरेड, मांडीवर डबा धरून तिनं फोन घेतले होते आणि त्या लोकांच्या वतीनं आमचं ॲप स्वतःच चालवलं होतं.

ती दह्याची पिशवी घेऊन वर आली. टेबलावरचा बटणांचा फोन तिनं बघितला, मग डबा उघडायला बसली.

‘‘तुला फोन बंद करायला सांगितलं होतं. तू हो म्हणालीस.’’

‘‘हाव म्हटलं.’’

‘‘मग?’’

‘‘हाव म्हटलं वं. ऐकलं, असं म्हटलं.’’

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. नंदनवनात वाढले, या शहरात शाळा-कॉलेज केलं, आणि तिशी उलटल्यावर मला कळत होतं की ‘हाव’ म्हणजे ‘ऐकलं’. समोरचा बोलतोय, त्याचा मान राखायचा, त्याला उन्हात उभं करायचं नाही, एवढंच त्यात असतं. होकार असलाच तर तो नंतर येतो, वेगळा येतो. हे वाडीतल्या प्रत्येक हमालाला ठाऊक होतं.

पण मी चूक कबूल करणाऱ्यातली नाही, निदान तेव्हा नव्हते. मी म्हणाले, ‘‘ही फसवणूक आहे. मी तो आलेख लोकांना दाखवला.’’

‘‘कोनाले फसवलं मी? ज्याले जागा पाहिजे होती त्याले भेटली. ज्याची खाली होती त्याची भरली. तुह्या ॲपवर आकडा आला. तू खुश होती.’’

‘‘ॲप कोणी वापरत नाही हे मला सांगायचं होतंस.’’

‘‘पयल्या दिवशी सांगतलं. तवा तू जिंकली. मंग मी म्हटलं, फोनवरच करू, तं म्हने चौकशीची खिडकी. तुले सांगतलं असतं आनखी, तं ऐकलं असतं का तू?’’

‘‘ऐकलं असतं.’’

ती हसली. ‘‘हाव,’’ ती म्हणाली. तो ‘हाव’ मात्र मला लगेच समजला.

‘‘नाही म्हणायला काय झालं होतं तुला?’’ माझा आवाज चढला होता. ‘‘नाही म्हण ना मला. मी काय खाते का?’’

‘‘तू इचारलं कुठं कधी? तू सांगून राहिली होती. सांगनाऱ्याले मानूस हावच म्हनते.’’

खाली टायर आपटले. टेबल हललं. दह्याची पिशवी तशीच बांधलेली होती. आम्ही त्या दिवशी जेवलो, पण समोरासमोर नाही. ती खिडकीशी बसली, मी टेबलाशी.

संध्याकाळी ती निघाली तेव्हा मी जिन्यापर्यंत गेले. खरं म्हणजे मला माफी मागायची होती. फोनचं तू म्हणतेस तसं करू, ॲप गेलं खड्ड्यात, तू हवीस, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

‘‘सोमवारी येशील ना?’’

‘‘हाव,’’ ती म्हणाली, आणि उतरून गेली.

मला कळलं होतं. हे मी आता कबूल करते. त्याच दुपारी तिनं मला त्या शब्दाचा अर्थ तोंडानं सांगितला होता. मी आणखी एक प्रश्न विचारू शकले असते, काय ठरवलंस, का जातेस, काहीही. तिनं खरं उत्तर दिलं असतं. म्हणूनच मी विचारलं नाही.

सोमवारी साडेदहाला मी जिन्याकडे कान लावून बसले. अकरा वाजले. साडेअकराला बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले, एवढ्या उन्हात, खुळ्या भैताडासारखी. तीन बस आल्या. ती कुठल्याच बसमधून उतरली नाही. परत आले तेव्हा लक्षात आलं की बटणांचा फोन ती टेबलाच्या खणात ठेवून गेली होती. चार्जर व्यवस्थित गुंडाळलेला. म्हणजे शुक्रवारीच ठरलं होतं. मी तिला फोन केला नाही. एक घमेंड, आणि दुसरं म्हणजे भीती. ती फोनवर पुन्हा ‘हाव’ म्हणाली असती.

पुण्याच्या लोकांना मी खरं कळवलं. आलेख खरा आहे पण त्यामागे ॲप नाही, एक बाई होती, आणि ती गेली. त्यांनी फार सभ्य उत्तर पाठवलं की आम्ही विचार करून कळवतो. पुण्यातही ‘हाव’ असतो, फक्त लांबलचक असतो. मला आता तो ओळखता येत होता, त्यामुळे मी वाट पाहिली नाही.

खणातला फोन दिवसाला चाळीसदा वाजायचा. पहिला आठवडा मी तो नुसता वाजू दिला. मग उचलला. ‘‘त्या ताई कुठं गेल्या?’’ सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच. आणि मी, जिला कोणाच्या पोरीच्या लग्नाशी कधी देणंघेणं नव्हतं, ती मी एका रजिस्टरमध्ये लिहायला लागले की कोणाची पोर कितवीत आहे आणि कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ॲप हळूच बाजूला ठेवलं. आज कंपनी चालते ती त्या बटणांच्या फोनवर. छोटी आहे, पण चालते. तिनं सांगितलं होतं तशीच, फोनवर बोलून चालते. गिऱ्हाईक तुमच्याकडे ज्या कामासाठी येतं तेच तुमचं दुकान, भिंतीवर तुम्ही काहीही लावा. हेही मी कॉलेजांत सांगते. कोणी सांगितलं ते सांगत नाही.

दीड वाजता फार कठीण जातं. दुसरी खुर्ची मी एकदा खाली टायरवाल्याला देऊन टाकली. मग दोन दिवसांनी जाऊन परत घेऊन आले. त्यानं काही विचारलं नाही. आता त्या खुर्चीवर रजिस्टरं असतात. आई नंदनवनातून डबा देते म्हणते, मी नको म्हणते. एकटीनं झाकण उघडायला मन होत नाही. चहा मागवते, बिस्किटं खाते, फोन तेवढा वेळ वाजू देते. दिवस जातो.

मागच्या महिन्यात दुपारी तीनच्या सुमाराला फोन वाजला. मी नेहमीसारखं म्हटलं, ‘‘बोला, कुठं पाहिजे जागा?’’

‘‘काहून वं, दुपारी फोन उचलत नाही म्हने तू?’’

वर्ष झालं होतं. मी रजिस्टर मिटलं.

‘‘तो म्हातारा गोडाऊनवाला,’’ ती म्हणाली. ‘‘त्यानं मले फोन केला. म्हने दीड वाजता घंटी वाजते, कोनी उचलत नाही. जेवत असन म्हटलं मी.’’ मागे हातमागाचा खटखटाट येत होता. ती आता उमरेडलाच विणकरांच्या साड्यांच्या ऑर्डरी फोनवर घेते, हे मला इकडूनतिकडून कळलं होतं. ‘‘बरं चाललं ना तुहं?’’

‘‘हो.’’

‘‘जेवली?’’

‘‘हो ना.’’

माग चालूच होता.

‘‘काय जेवली?’’

ज्या प्रश्नानं म्हातारा खुर्चीत सरळ बसला होता, त्याच जातीचा हा प्रश्न. मी टेबलाकडे पाहिलं. बिस्किटाचा कागद आणि चहाचा रिकामा ग्लास. एखादी भाजी सांगणं काही अवघड नव्हतं, वांग्याची म्हटलं असतं तरी चाललं असतं.

‘‘काही नाही,’’ मी म्हणाले. मग थांबताच येईना. ‘‘तू गेलीस तेव्हापासून दुपारी मी जेवत नाही. मला एकटीला जेवता येत नाही. तू बरोबर होतीस, फोनचं, सगळंच. मी तेव्हा विचारायला हवं होतं.’’

‘‘मंग आता इचार,’’ ती म्हणाली.

‘परत येशील ना?’ हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. त्या प्रश्नाला ती ‘हाव’ म्हणाली असती, मला बरं वाटावं म्हणून, आणि मी पुन्हा जिन्याकडे कान लावून बसले असते.

‘‘सोमवारी कोणत्या गाडीनं येशील?’’ मी विचारलं.

मग माग थांबला, तिनंच कोणाला तरी थांबवायला सांगितलं असावं.

‘‘नाही वं,’’ ती म्हणाली. आवाज हळू होता, पण स्वच्छ. ‘‘मी नाही येत आता. इकडं माहं जमलं. तुह्यासंगं काम नाही होत मह्याच्यानं.’’

तेरा वर्षांच्या ओळखीत तिनं मला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. मी मागितलं होतं आणि तिनं दिलं होतं. खाली टायर आपटला, टेबल हललं, ग्लास हलला.

‘‘हाव,’’ मी म्हणाले.